हो, मशीन मीच चालवतो

पोस्ट लांब आहे. ज्यांना कधी मुतखडा झालाय किंवा घरात कुणाला झालाय (म्हणजे आपल्या खानदेशात जवळपास सगळेच), त्यांनी वेळ काढून वाचा.

गेल्या आठवड्यात तालुक्यातल्या बऱ्याच ग्रुपवर एक व्हिडिओ फिरला. एका दवाखान्याच्या पायऱ्यांवर नातेवाईक ओरडतायत, "आत डॉक्टर नव्हताच, एका पोऱ्यानं मशीन चालवलं!" मग खाली नेहमीचं सुरू झालं. कुणी म्हणालं दवाखाना फोडा, कुणी म्हणालं सगळे डॉक्टर चोर. एका मास्तरांनी लिहिलं, "असल्या कंपाउंडर लोकांना आधी आत टाका." मला तो व्हिडिओ चौघांनी पाठवला, सोबत हसणारी तोंडं. मी काय काम करतो ते त्यांना माहीत आहे.

तो पोऱ्या मी नाही. तो दवाखानाही माझा नाही. आत काय झालं ते मला ठाऊक नाही, म्हणून त्या केसवर मी एक अक्षर लिहिणार नाही. पण "आत डॉक्टर नव्हता, टेक्निशियननं मशीन चालवलं" हे वाक्य मी आजवर जिथे जिथे काम केलं तिथे बहुतेक दिवशी खरं ठरेल. चौदा वर्षं झाली. पेशंट टेबलावर, डॉक्टर ओपीडीत किंवा ओटीत, आणि मशीनजवळ मी. मास्तर, मला आत टाकायचं तर टाका. पण त्याआधी जरा समजून घ्या, कारण तुम्ही चुकीच्या गोष्टीवर ओरडताय आणि त्यामुळे ज्यांनी उत्तर द्यायला पाहिजे ते आरामात बसलेत.

आधी हे मशीन काय करतं ते सांगतो. लिथोट्रिप्सी म्हणजे पोट न फाडता, बाहेरून धक्के देऊन किडनीतला खडा फोडायचा. लोक याला "लेझर" म्हणतात. ते लेझर नाही. लेझर वेगळं, ते दुर्बिणीतून आत जाऊन करतात. आमच्या मशीनमध्ये धक्का तयार होतो, तो पाण्याच्या फुग्यातून पेशंटच्या अंगात जातो आणि आत एका ठरावीक बिंदूवर एकवटतो. त्या बिंदूवर खडा आणून ठेवणं हे माझं काम. जर्मनीत विमानं बनवणाऱ्या डॉर्निअर कंपनीच्या संशोधनातून ही कल्पना आली, आणि फेब्रुवारी १९८० मध्ये म्युनिकला पहिल्या माणसावर वापरली गेली. तेव्हा पेशंटला आख्खं पाण्याच्या टबात बसवायचे. आता टब गेला, त्याजागी फुगा आणि जेल आलं.

खडा एका जागी थांबत नाही. माणूस श्वास घेतो तशी किडनी खालीवर होते, खडाही तिच्याबरोबर जातो. पेशंट दुखलं की कूस आखडतो, तेव्हा खडा फोकसमधून बाहेर. मग मी सी-आर्मवर बघतो, टेबल हलवतो, परत लावतो. दर दोनशे-अडीचशे शॉकनंतर बघायचं. न बघता मारत राहिलं तर धक्का खड्याला लागत नाही, किडनीच्या मांसाला लागतो. हे सगळं डॉक्टरनं स्वतः तासभर उभं राहून करावं अशी अपेक्षा कुणाची असेल तर ती प्रत्यक्षात नाही. जगभर बऱ्याच ठिकाणी हे मशीन शिकलेला टेक्निशियनच चालवतो, आणि त्यात गैर काही नाही. रोज करणाऱ्याचा हात बसलेला असतो. खडा लावण्यात मी आमच्या साहेबांपेक्षा वेगवान आहे, हे साहेबच सांगतात.

म्हणजे टेक्निशियननं मशीन चालवलं यात भानगड नाही. भानगड कुठे आहे ते आता सांगतो.

एका सिटिंगला साधारण तीन हजारांपर्यंत शॉक द्यावे लागतात. मिनिटाला ६० च्या वेगानं दिले तर ३००० शॉकला ५० मिनिटं. मिनिटाला १२० दिले तर २५ मिनिटं. एवढं गणित चौथीच्या पोरालाही येतं. आता खडा कशानं चांगला फुटतो? हळू मारल्यानं. हे माझं मत नाही, यावर दोन्ही वेग समोरासमोर ठेवून चाचण्या झाल्यात, आणि युरोपियन युरॉलॉजी असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचनांत वेग सेकंदाला १ ते १.५ शॉक, म्हणजे मिनिटाला ६० ते ९० असा दिलेला आहे. सुरुवात कमी ताकदीनं करून हळूहळू वाढवायची, त्यानं किडनीला इजा कमी होते, हेही त्यात आहे. शॉकवर शॉक भराभर आला की आधीच्या धक्क्यानं तयार झालेले बारीक बुडबुडे विरायच्या आत पुढचा येतो, आणि त्याची ताकद त्या बुडबुड्यांतच जाते.

आता आमच्याकडची पद्धत बघा. छोट्या गावातल्या दवाखान्याला स्वतःचं मशीन परवडत नाही. कोट्यवधीचं काम आणि पेशंट महिन्याला मोजके. म्हणून मशीन टेम्पोतून येतं. आज या गावात, उद्या त्या गावात. सकाळी उतरवायचं, जोडायचं, सी-आर्मबरोबर जुळवायचं, संध्याकाळी परत चढवायचं. आठवड्यातून एक दिवस आपला, त्या दिवशी आठवडाभराचे पेशंट जमवून ठेवलेले. नऊ, दहा, कधी बारा. दहा पेशंट गुणिले ५० मिनिटं म्हणजे आठ तास वीस मिनिटं नुसते शॉक. झोपवणं, खडा शोधणं, जेल, उठवणं, पुसणं, हे वेगळंच. टेम्पोवाला पाचला हॉर्न वाजवायला लागतो. त्याचं पुढचं गाव वाट बघत असतं.

मग काय होतं? वेग १२० वर जातो. कोणी लेखी सांगत नाही. मॅनेजर दारातून डोकावतो आणि म्हणतो, "भाऊ, जरा उरका." एवढंच. या "जरा उरका"चा अर्थ मला, त्याला आणि मशीनच्या डायलला कळतो. टेबलावर पालथं-उताणं पडलेल्या माणसाला कळत नाही. उलट त्याला बरं वाटतं. पारोळ्याकडची एक आजी प्रत्येक वेळी विचारायची, "भाऊ, कितला टाइम लागी?" लवकर झालं की ती खूश.

पंधरा दिवसांनी एक्सरे काढला की खडा अर्धाच फुटलेला. मग दुसरी सिटिंग. कधी तिसरी. आणि बिल सिटिंगचं होतं, खडा निघण्याचं होत नाही. म्हणजे घाईत केलेलं काम अर्धवट राहिलं तर त्याचे पैसे पेशंट भरतो, आणि ते अर्धवट राहिल्यावर परत येणारा पेशंटही आम्हालाच मिळतो. मी असं म्हणत नाही की कुणी ठरवून खडा शिल्लक ठेवतं. चौदा वर्षांत एकाही डॉक्टरला मी तसं करताना पाहिलं नाही. ठरवायची गरजच पडत नाही. सगळी व्यवस्था अशी लावलीय की हळू काम करणाऱ्याला तोटा आणि भराभर करणाऱ्याला फायदा. आणि त्या व्यवस्थेत सगळ्यात शेवटी बसलेला, बारा-पंधरा हजार पगाराचा माणूस म्हणजे मी. वेगाचा डायल माझ्या हातात, पण तो कुठे ठेवायचा हे माझ्या हातात नाही.

इथे एक सांगायला हवं, नाहीतर डॉक्टर मित्र मला सोडणार नाहीत आणि बरोबरच करतील. दुसरी सिटिंग लागली म्हणजे फसवणूकच झाली असं नाही. खडा मोठा असला, कठीण असला, किडनीच्या खालच्या कप्प्यात असला, पेशंट अंगानं जाड असला, तर साठच्या वेगानं आणि कितीही जीव लावून केलं तरी एका वेळेत होत नाही. दोन सेंटीमीटरच्या वरच्या खड्याला तर मुळात हे मशीन नाहीच, तिथे पाठीतून भोक पाडून काढतात ते बरं. पण मग हे आधी सांगा ना! सीटीमध्ये खडा किती कठीण ते आकड्यात येतं. हजाराच्या वरचा असेल तर मला सकाळी फाइल बघूनच कळतं की याचं अवघड आहे. पेशंटला ते तिसऱ्या सिटिंगनंतर का कळावं?

आता जेलची गोष्ट. हसाल, पण ऐका. फुगा आणि कातडी यांच्यामध्ये जेल लागतं, कारण धक्का पाण्यातून आणि जेलमधून जातो, हवेतून जात नाही. मध्ये हवेचे बुडबुडे राहिले की धक्का तिथेच अडतो. प्रयोगशाळेत मोजून बघितलंय, संपर्काच्या जागेपैकी नुसती दोन टक्के जागा बुडबुड्यांनी अडवली तरी खडा फुटणं वीस ते चाळीस टक्क्यांनी घटतं. म्हणून जेल भरपूर घ्यायचं, डब्यातून एकच मोठा गोळा मधोमध ठेवायचा आणि फुगा दाबून तो आपोआप पसरू द्यायचा. छोट्या बाटलीतून पिचकारी मारून हातानं चोपडलं की बुडबुडे आत शिरतातच. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. कंपनीचा इंजिनिअर चार दिवस आला होता, त्यानं बटणं दाखवली, सही घेतली आणि गेला. जेलचं मी पुढे पाच वर्षांनी वाचलं. त्याआधीच्या पाच वर्षांत मी किती लोकांना अर्धे धक्के दिले असतील, त्याचा हिशेब नाही.

आणि जेव्हा मोठा डबा मागितला तेव्हा उत्तर काय मिळालं? "सोनोग्राफीवाले तर एवढ्याशा जेलमध्ये भागवतात." हजारो रुपयांची सिटिंग आणि कंजुषी जेलमध्ये. मी आता जेल स्वतः सांगून मागवतो, भांडण करून. माझ्या चौदा वर्षांच्या कामात खरोखर जिंकलेली ही एक लढाई.

जिंकलो नाही ती सांगतो. ही गोष्ट मी घरीसुद्धा पूर्ण सांगितलेली नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वीची आहे, दुसऱ्या ठिकाणची. नाव विचारू नका, देणार नाही. एक नाना आले होते, पासष्टीच्या पुढचे, रेल्वेतून रिटायर. फाइल नीट होती, खडा एक सेंटीमीटरचा, मशीनसाठी अगदी योग्य. झोपवताना मी सवयीनं विचारलं, "नाना, रक्त पातळ करायची गोळी वगैरे?" ते म्हणाले नाही. दाराशी उभ्या त्यांच्या बायकोनं सांगितलं, "एक सकाळची गोळी आहे, दोन वर्षांपूर्वी हृदयाचं केलं तेव्हापासून." पिशवीतून पाकीट काढून दाखवलं. क्लोपिडोग्रेल. आदल्या सकाळीसुद्धा घेतलेली. फाइलमध्ये त्याचा उल्लेख नव्हता.

ही गोळी चालू असताना शॉक द्यायचे नाहीत हे मला तेव्हाही माहीत होतं. मी ओटीत फोन केला. सिस्टरनं उचलला, साहेब मध्येच होते, दुसरं ऑपरेशन चालू. तिनं आतून विचारून सांगितलं, "सर म्हणताहेत करा, कमी पॉवरवर करा." मी दोन मिनिटं उभा राहिलो. बाहेर सहा जण बसलेले. मॅनेजर आला, "काय झालं?" मी म्हणालो, "काही नाही." आणि सुरू केलं.

रात्री नानांच्या कुशीत जोरात दुखायला लागलं. सकाळी सोनोग्राफीत किडनीभोवती रक्त साठलेलं दिसलं. मोठ्या शहरात हलवलं, रक्ताच्या बाटल्या लागल्या, बरेच दिवस राहिले. वाचले. नाना वाचले म्हणून आज ही पोस्ट लिहायला तोंड आहे.

पुढे जे झालं ते मुद्द्याचं आहे. नातेवाईक आले, आवाज झाला, कागद काढले गेले. त्या कागदांवर डॉक्टरांची सही होती, भूल देणाऱ्याचं नाव होतं, सिस्टरची सही होती. माझं नाव कुठेच नव्हतं. किती शॉक दिले, कुठल्या वेगानं, कुठल्या ताकदीनं, कोणी दिले, काही नाही. "ईएसडब्ल्यूएल केले" एवढी एक ओळ. मॅनेजर माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "तू घाबरू नको, तुझं नाव कशातच नाही." आणि मला बरं वाटलं होतं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं होतं.

मास्तर, म्हणून सांगतो. तुम्ही म्हणता टेक्निशियनला आत टाका. कसं टाकणार? तो कागदावर नाहीच. त्याचं नाव नाही, म्हणून त्याची जबाबदारी नाही. जबाबदारी नाही म्हणून त्याला अधिकार नाही. मला नाव नको म्हणून मी सुटलो, आणि त्याच कारणानं त्या दिवशी "मी हे करणार नाही" म्हणायची माझी ताकदही नव्हती. माझं नाव आणि सही त्या कागदावर गेली असती ना, तर मी बटणाला हात लावला नसता. साहेबांना ओटीतून यावं लागलं असतं, पाकीट डोळ्यांनी बघावं लागलं असतं.

याच्या उलट एकदाच झालं. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. बावीस-तेवीस वर्षांची मुलगी, केळीच्या बागेत मजुरीला जाणारी, सोबत जाऊ. टेबलावर झोपवली आणि सी-आर्म वर घेतला. मी नेहमीचा प्रश्न विचारला, पाळी कधी आली होती. पुरुषाच्या तोंडून हा प्रश्न म्हटल्यावर ती गप्प. मी मावशींना आत पाठवलं, मी बाहेर आलो. मावशी येऊन म्हणाल्या, "दोन महिने झाले म्हणते, पण घरी सांगू नका म्हणते." गरोदर बाईला एक्सरेही नको आणि शॉक तर अजिबात नको. मी मशीन बंद केलं. तपासणीची पट्टी आणली, दोन रेघा आल्या. त्या पोरीला मी परत पाठवलं, म्हणजे डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं.

मला आठ दिवस घरी बसवलं. कारण काय? "पेशंट परत पाठवायचा अधिकार तुला कुणी दिला? तुझं काम शॉक मारणं." वास्तविक त्या पोरीला शॉक दिले असते तर सगळ्यात आधी तोच दवाखाना गोत्यात आला असता. मी त्यांनाच वाचवलं होतं, आणि हे त्यांना आठ दिवसांनी कळलं सुद्धा. परत बोलावलं. त्या आठ दिवसांचा पगार मात्र कापलाच.

एक अपवाद सांगतो, कारण तोही खराच आहे. एका साहेबांकडे मी चार वर्षं होतो. पहिल्या दिवशी त्यांनी सांगितलं, "तुला शंका आली की थांबव. मी ओटीत असेन तर दार वाजव, चिडलो तर चिडू दे." ते चिडायचेही, भरपूर. पण दर वेळी यायचे. पहिले दहा मिनिटं स्वतः उभं राहून खडा बघायचे आणि लघवीत इन्फेक्शन असेल तर आधी औषध, मग मशीन, यात तडजोड नाही. इतर ठिकाणी काय होतं? कल्चरचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात आणि मशीन फक्त मंगळवारी येतं. "आलाच आहे तर करून टाका." इन्फेक्शन असताना खडा फोडला की तेच जंतू रक्तात जाऊ शकतात, माणूस दगावू शकतो. ते मंगळवारचं मशीन त्याहून मोठं आहे का?

आता कोणी म्हणेल, याला डॉक्टर व्हायचंय. नाही हो. मला निदान करायचं नाही, औषध लिहायचं नाही, पाटीवर नाव नको. मी एक्सरे टेक्निशियनचा डिप्लोमा केलेला माणूस आहे, मला माझी पायरी कळते. मी मागतोय ते एवढंच की जे मी करतो ते मी केलं असं कागदावर यावं, आणि जे करू नये असं मला दिसतंय ते थांबवायचा हक्क मला असावा. रेल्वेच्या गार्डला गाडी थांबवता येते. एसटीचा कंडक्टर घंटी मारून गाडी थांबवतो, त्याला कुणी म्हणत नाही की तू ड्रायव्हर व्हायला बघतोस.

कायदे नाहीत असंही नाही. २०२१ मध्ये केंद्रानं संलग्न आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला, आमच्यासारख्या तंत्रज्ञांची नोंदणी व्हावी म्हणूनच. कायदा होऊन किती काळ लोटला, माझ्या खिशात मात्र दवाखान्याचं ओळखपत्र सोडून दुसरा कागद नाही. एक्सरेच्या बाबतीत मुंबईचं अणुऊर्जा नियामक मंडळ आहे, त्यांचे नियम कडक आहेत. छातीवर टीएलडी बॅज लावायचा, तो दर तीन महिन्यांनी तपासायला जातो, किती किरण अंगावर पडले ते कळतं. माझ्या पहिल्या नोकरीत मला सांगितलं होतं, बॅज ड्रॉवरमध्ये ठेव, रीडिंग वाढलं की पत्रं येतात. दोन वर्षं माझा बॅज ड्रॉवरमध्ये सुरक्षित होता. मी बाहेर होतो.

आता तुमच्यासाठी. पायऱ्यांवर ओरडून काही मिळत नाही, आत जाऊन विचारलं तर मिळतं.

टेबलावर जायच्या आधी विचारा की मशीन कोण चालवणार, त्याचं नाव काय. विचारा की शॉक कुठल्या वेगानं देणार. हा प्रश्न विचारला की समोरचा चपापतो, मग वेग आपोआप कमी होतो, हे मी अनुभवानं सांगतो. किती सिटिंग लागतील असा अंदाज आहे आणि नाही फुटला तर पुढे काय, हे पहिल्या दिवशीच विचारा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर पाकीटच दाखवा, तोंडी सांगू नका. आणि ती गोळी स्वतःच्या मनानं बंदही करू नका, विशेषतः हृदयात स्टेंट असेल तर. हृदयाच्या डॉक्टरला विचारूनच. बंद करता येत नसेल तर दुर्बिणीचा मार्ग आहे. बायांनो, पाळी चुकली असेल तर स्पष्ट सांगा, कुणाला सांगायला लाज वाटत असेल तर मावशीला सांगा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतं का हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा, बिल झाल्यावर नाही.

आणि शेवटी कागद मागा. दरपत्रक आणि रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावणं हे २०२१ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रातल्या खासगी दवाखान्यांना बंधनकारक आहे. उपचाराची कागदपत्रं मागितल्यापासून ७२ तासांत द्यायची, हा मेडिकल कौन्सिलचा २००२ पासूनचा नियम आहे. त्यात "ईएसडब्ल्यूएल केले" एवढीच ओळ असेल तर विचारा की शॉक किती, वेग किती, पॉवर किती, चालवलं कोणी. मशीनच्या स्क्रीनवर हे सगळं असतं. लिहायला दोन मिनिटं लागतात. शंभर पेशंटनी मागितलं की एकशेएकाव्याला न मागता मिळेल.

सिटिंगनंतर लघवी लालसर होते, थोडं दुखतं, ते एक-दोन दिवस चालतं. पण थंडी वाजून ताप आला किंवा लघवी बंद झाली तर रात्री दोन वाजले असले तरी दवाखान्यात जा. फुटलेले तुकडे नळीत एकामागोमाग अडकून रांग लागते कधी कधी, त्यात ताप आला तर थांबायचं नसतं.

(बिअरचं विचारणाऱ्यांना: नाही. तुम्हाला प्यायचीच आहे, मुतखड्याचं नाव कशाला. पाणी प्या, लिंबू पिळून प्या. आणि बागांच्या, जिनिंगच्या मालकांना एक विचारतो, तुमच्याकडच्या बाया ४५ डिग्रीत दिवसभर पाणी पीत नाहीत, कारण जायला आडोसा नाही. त्यांचे खडे मी फोडतो. संडास तुम्ही बांधा.)

ही पोस्ट वाचून मला फोन येणार हे माहीत आहे. बहुतेक "भाऊ, काय गरज होती?" असा येईल. डॉक्टर मंडळींपैकी ज्यांना राग आला त्यांनी मी लिहिलेलं काय खोटं आहे ते दाखवावं, मी पोस्टमध्ये दुरुस्ती करेन. माझ्यासारखं काम करणारे नाशिक, धुळे, जळगाव, नंदुरबारमध्ये जे कोणी असाल त्यांनी मला मेसेज करा. आपण पन्नास जण एकत्र आलो तरी नोंदवहीचा एक नमुना छापून घेऊ, शॉक, वेग, पॉवर, नाव, सही. खर्च फार नाही.

मंगळवारी मशीन येतंय. वहीत नऊ नावं लिहिलेली आहेत. साठच्या वेगानं दिवसात सहाच होतील असं मी काल कळवलंय, बाकीच्या तिघांना पुढची तारीख द्या म्हणून. अजून उत्तर आलेलं नाही.